नावेच्या पोटातील लाकूड

यवतमाळ,
मार्गशीर्ष शुद्ध ५

चि. बाळास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोचले, आणि त्यासोबतची नावेची छायाचित्रे मी उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिली. लिलावात कोणी बोली लावीना म्हणून जवळजवळ भंगाराच्या भावाने पदरात पडलेली ती सोळा फुटी फायबरची मोटारबोट तू पुसदला घराच्या अंगणात आणून ठेवलीस, याबद्दल ताई रागावली असली तरी मला मनापासून आनंद झाला, हे आधी सांगून टाकतो. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या आपल्या जिल्ह्यात नावेची आवड असणारी माणसे थोडी. पाणी मात्र थोडे नाही. पैनगंगेवरचा इसापूरचा जलाशय आहे, पूस आहे, दिग्रसजवळची अरुणावती आहे, बाभुळगावकडची बेंबळा आहे. आणि उन्हाळ्यात ज्या नाल्यांतून गुरे धूळ उडवीत जातात तेच नाले श्रावणाच्या आधी माणसांच्या छपरांना लागतात. २०२३ च्या जुलैत महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली होती, हे तुला आठवत असेलच. अशा मुलखात एक धड नाव आणि तिची नस जाणणारा एक माणूस असणे ही हौसेपलीकडची गोष्ट आहे, असे मी मानतो.

परंतु तुझ्या पत्रातील एका वाक्याने माझी झोप उडविली. “तळफळीवर पाय ठेवला की ती किंचित दबते, म्हणून तिच्यावरच नवा प्लाय ठोकून वर फायबरचा एक थर देतो, म्हणजे संक्रांतीपूर्वी काम आटोपेल,” असे तू लिहितोस. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

फायबरची नाव म्हणजे नखशिखांत फायबर, अशी तुझी समजूत झालेली दिसते, आणि तिच्या गुळगुळीत अंगाकडे पाहून कोणाचीही व्हावी. काचेच्या तंतूंचे कापड रेझिनमध्ये भिजवून साच्यात थरावर थर बसविण्याची ही विद्या फार जुनी नाही. १९४२ साली अमेरिकेत ओहायोतील टोलेडो येथे रे ग्रीन याने पॉलिएस्टर रेझिनची पहिली लहान नाव घडविली असे मानतात. काच आणि रेझिन कुजत नाहीत हे खरे; पण पातळ फायबर लवते, म्हणून त्याला ताठपणा यावा यासाठी त्या काळापासून पुढे कित्येक वर्षे कारागिरांनी नावेच्या पोटात लाकूड घातले. तळाशी लांबीच्या दिशेने गेलेले वासे, ज्यांना स्ट्रिंजर म्हणतात, ते लाकडाचे. त्यांच्यावरची तळफळी प्लायची. आणि मागची आडवी भिंत, जिला ट्रान्सम म्हणतात व जिच्यावर ओबीएम, म्हणजे नावेबाहेर टांगायचे इंजिन, लटकते, तिच्या दोन फायबरी कातड्यांमध्ये दीड इंच जाडीचा प्लाय. ही सारी लाकडे वरून फायबरने मढविलेली असल्यामुळे दिसत नाहीत, आणि म्हणूनच त्यांची विचारपूस कोणी करीत नाही. पुढे कोणी आसन बसवायला चार स्क्रू मारतो, कोणी दोर बांधायची कडी बसवतो, पाणी सोडण्याच्या बुचाभोवतीचे लुकण तडकते, आणि त्या सुईएवढ्या वाटेने पाणी आत शिरते; शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला मात्र वाट नसते. लाकडातील ओल शेकडा वीसच्या खाली असेल तर कुजविणारी बुरशी वाढत नाही, आणि लाकूड पूर्ण पाण्याखाली बुडालेले असेल तर हवेवाचून तिचे चालत नाही. ओल आहे आणि थोडीशी हवाही आहे अशा मधल्या अवस्थेत तिचे फावते, आणि फायबरच्या वेष्टनातील ओले लाकूड नेमके त्याच अवस्थेत वर्षानुवर्षे पडून राहते.

त्यातही आपले पाणी गोडे. खारे पाणी लाकडाला, लोणच्यातल्या मिठाप्रमाणे, बुरशीपासून काही अंशी राखते. पावसाचे पाणी ती कृपा करीत नाही. तुझी नाव मागच्या मालकाच्या आवारात किती पावसाळे तोंड वर करून पडली होती, याची चौकशी कर. आपल्याकडे साधारण ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि उघडी नाव त्या पावसाला टाक्याप्रमाणे धरून ठेवते. तळफळीखाली तरंगण्यासाठी भरलेला फोमही बहुधा एव्हाना भिजून जड झाला असेल. दहा बादल्या पाणी त्यात दडून बसले असेल, तर न दिसणारे दोन उतारू तू कायमचे नावेत बसविलेस असे समज.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीत असताना ज्या धरणावर माझी नेमणूक होती, तेथे अशीच एक नाव होती. तिचा ट्रान्सम नरम झाल्याची तक्रार आली, दुरुस्तीचा ठेका दिला गेला, आणि ठेकेदाराच्या माणसाने दोन दिवसांत जुन्या लाकडावरच नवा फायबर चढवून, वर पांढरा रंग देऊन ती नव्यासारखी करून दिली. मी तिच्यावर हात फिरविला, आणि काम समाधानकारक झाल्याचा शेरा माझ्या सहीने दप्तरात गेला. आषाढात आम्ही तिघे पाण्याची खोली मोजायला निघालो. मध्यावर पोचल्यावर इंजिनाचा आवाज बदलला. मागे वळून पाहतो, तो इंजिन मागच्या बाजूस किंचित कलंडलेले आणि त्याच्या वरच्या बोल्टाभोवती चहाच्या रंगाचे पाणी पाझरत असलेले. नवा फायबर कागदासारखा वाकत होता. इंजिन बंद केले, आणि मासे धरायला आलेल्या दोघा भोई भावांनी आपल्या डोंग्याला दोर बांधून आम्हाला काठाला लावले म्हणून आज हे पत्र लिहितो आहे. पुढे तो ट्रान्सम उघडला तेव्हा आतला प्लाय, गुरांसाठी भिजत घातलेल्या सरकीच्या ढेपेसारखा, मुठीने काढता आला. आणि त्याचा तो आंबूस, तळघरासारखा वास मला अजून आठवतो. ओल्या लाकडावर चढविलेला थर त्याला चिकटत नाही, आणि चिकटला तरी आतल्या कुजण्याला झाकण मिळते. माझ्या त्या सहीचे ओझे तुझ्या डोक्यावर येऊ नये अशी माझी इच्छा आहे.

म्हणून प्रथम निदान कर. लहान हातोडीच्या मुठीने तळफळीवर व ट्रान्समवर वीतभर अंतराने ठोकत जा. निरोगी लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले भद्द बोलते, आणि हा फरक अर्ध्या तासात तुझ्या कानाला कळू लागेल. जेथे संशय येईल तेथे आतल्या बाजूने चार मिलिमीटरचे बिट घालून भोक पाड, बाहेरच्या कातड्याला मात्र धक्का लावू नकोस. बिटाबरोबर फिक्या रंगाचा, कोरडा, वेटोळ्याचा भुसा आला तर लाकूड जिवंत आहे. काळपट चिखल आला तर नाही. सर्वांत खालच्या भागात, बुचाच्या आसपास, अवश्य पाहा, कारण रोग बहुतेक तेथूनच चढतो.

उघडण्यापूर्वी नाव नीट बसव. तळफळी आणि वासे काढले की सांगाड्याचा कणाच निघतो, आणि तशा अवस्थेत नाव दोन विटांवर टेकलेली असेल तर ती हळूहळू पिळवटते व मग तशीच घट्ट होऊन बसते. तेव्हा पाच-सहा ठिकाणी तिच्या आकाराच्या लाकडी उशा दे, पाणसळ लावून दोन्ही काठ एका पातळीत आण, आणि आडव्या दोन पट्ट्या काठाला काठ बांधून टाक. वासे दोन्ही एकदम काढू नकोस. एक काढून नवा बसला की दुसऱ्याला हात लाव. निघालेला प्रत्येक तुकडा, कितीही कुजका असो, जपून ठेव, कारण नव्याचा नमुना तोच. त्यावर खडूने जागा लिही. ग्राइंडर चालविताना काचेची धूळ उडते, ती फुप्फुसाला वाईट आणि कातडीला असह्य. म्हणून चांगला मास्क, डोळ्यांना बंद चष्मा, पुऱ्या बाह्या, आणि काम संपल्यावर आधी थंड पाण्याने अंग धुणे, यांत हयगय करू नकोस. अंगणात ताईची वाळवणे असतील त्या दिवशी ग्राइंडर लावू नकोस, हेही लिहितो.

आता सागाचा प्रश्न. तू लिहितोस की आपला जिल्हा सागाचा, आर्णीच्या बाजूला ओळखीचा वखारवाला आहे, मग प्लाय कशाला? तुझा अभिमान मला समजतो. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हाताखाली सागाची जी जहाजे बांधली गेली त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. दोनशे वर्षे उलटली आणि ते लाकूड टिकले, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणत्या झाडाला मिळणार? परंतु ते लाकूड उघडे होते. ते भिजत होते आणि वाळतही होते, आणि एखादी फळी बिघडली तर सुताराला दिसत होती. फायबरच्या आत कोंडलेल्या सागाची गोष्ट निराळी. अखंड लाकूड आडव्या अंगाने फुगते आणि आकसते, त्यामुळे वरचे कवच तडकते. शिवाय ज्या तेलामुळे साग टिकतो त्याच तेलामुळे त्याला रेझिन धड धरत नाही. पोटात ‘आयएस ७१०’ असा शिक्का असलेला मरीन प्लायच घाल, त्याच्या कडांना रेझिन तीनदा पाज, कारण प्लाय पाणी पितो तो तोंडावरून नव्हे, कडेवरून. आणि सागाची हौस बसायच्या फळ्यांवर व काठाच्या पट्टीवर पुरव, जेथे तो डोळ्यांसमोर राहील.

रेझिनांपैकी जुन्या फायबरवर एपॉक्सी अधिक घट्ट धरते. ती महाग आहे, पण ट्रान्सममध्ये काटकसर करू नकोस. एक लक्षात ठेव: एपॉक्सीबरोबर साधी चॉप्ड मॅट वापरायची नाही, कारण त्या मॅटमधील तंतू बांधणारा डिंक पॉलिएस्टरमधल्या स्टायरिननेच विरघळतो; त्याऐवजी शिवलेले कापड घे. कोपऱ्यांत काटकोन ठेवू नकोस, रेझिनमध्ये सिलिकाची पूड कालवून श्रीखंडाइतके दाट लुकण कर आणि चमच्याच्या पाठीने गोलाई दे, म्हणजे कापड तेथे मोडणार नाही. पॉलिएस्टर वापरणार असशील तर दुकानदार दोन लहान बाटल्या देईल, एक जांभळट कोबाल्टची आणि दुसरी पाण्यासारख्या कॅटॅलिस्टची. या दोन वस्तू एकमेकींत कधीही, थेंबभरही, सरळ मिसळू नकोस; त्यांचा भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग कॅटॅलिस्ट, तोही शेकडा एक-दोन, वजन करून. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत ठेव, आणि शेजारची मुले अंगणात असतील तेव्हा काम थांबव.

ऋतू मात्र तुझ्या बाजूचा आहे. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा त्रेचाळीस-पंचेचाळीसवर जातो तेव्हा वाटीतले रेझिन कापडावर पोचण्यापूर्वीच धुमसून दगड होते, आणि पावसाळ्यात हवेतील ओल कामाला बाधते. आता मार्गशीर्षापासून माघापर्यंत, सकाळचे दंव उडाल्यावर अकरा ते चार, एवढा वेळ उत्तम. पण हे तीन महिने म्हणजे संक्रांत नव्हे. त्यातला पहिला महिना नुसता वाळविण्याचा आहे. उघडलेल्या सांगाड्यावर रात्री प्लास्टिकचा तुकडा कडांनी चिकटवून ठेव, सकाळी त्याच्या आतल्या अंगाला दवबिंदू धरले असतील तर अजून ओल आहे. जे वासे राखण्याजोगे वाटतील त्यांतून बोटभर चकती कापून सोनाराच्या काट्यावर दर चार दिवसांनी तोल. वजन उतरायचे थांबेल तेव्हा लाकूड वाळले. हे तोलणे कंटाळवाणे आहे, आणि याच दिवसांत तुझे मित्र ‘झाली का नाव?’ म्हणून विचारतील. त्यांना नाही म्हणून सांग.

नव्या फळीत जेथे जेथे बोल्ट जाईल तेथे भोक मोठे पाड, ते रेझिनने भरून घट्ट होऊ दे, आणि मग त्या घट्ट रेझिनमध्येच हवे तेवढे भोक कर. म्हणजे बोल्टाला लाकूड दिसणारच नाही. ट्रान्समची उंची जुन्याबरहुकूम ठेव, आणि नावेवर क्षमतेची पट्टी शिल्लक असेल तर तिच्याहून मोठे इंजिन कोणी फुकट दिले तरी घेऊ नकोस. कागदपत्रांचेही पाहा: लिलावाची पावती जपून ठेव, कारण १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे यंत्राने चालणाऱ्या नावेची तपासणी व नोंदणी लागते, आणि जलाशयावर उतरण्याची परवानगी वेगळी. ही रुजुवात करण्यास मी तुझ्यासोबत येईन; कचेऱ्यांतल्या पायऱ्या माझ्या पायाखालच्या आहेत.

तूर्त प्लाय आणू नकोस. येत्या रविवारी एसटीने येशील तेव्हा ट्रान्समच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या भोकातला भुसा तीन निरनिराळ्या पुड्यांत बांधून आण, आणि कोणता कोठला ते पुडीवर पेन्सिलीने लिहून ठेव. आपण तो ओसरीवर, उन्हात, पांढऱ्या कागदावर पसरून पाहू.

सौ. ताईस माझा शिरसाष्टांग नमस्कार. अंगण दोन-तीन महिने अडणार आहे, हे तिला मीच येऊन सांगेन.

तुझा,
मामा