भाव मागाहून, माप आधी

गावाकडच्या सॉ मिलवर लाकूड शहरातल्या वखारीपेक्षा स्वस्त पडतं, यात खोटं काही नाही. फक्त तो भाव कसल्या घनफुटाचा, ते आधी विचारावं. कोकणातल्या आमच्या घराची दारं-चौकटी बदलायच्या होत्या तेव्हा जवळच्याच एका मिलमधून फणस आणि ऐन घेतला. मालक गोड बोलणारा, चहा पाजणारा. टेप मात्र त्याचीच.

गोल ओंडक्याचं माप असं निघतं: मध्यावर दोरी गुंडाळून घेर घ्यायचा, त्याच्या चौथ्या हिश्शाचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. घेर 48 इंच, लांबी 10 फूट, तर बरोबर 10 घनफूट. हाच घेर सालीवरून घेतला आणि साल अर्धा इंच जाड असली, की सोललेल्या ओंडक्याचा घेर 45 इंचांवर येतो आणि माप पावणेनऊ घनफुटांवर. म्हणजे सव्वा घनफूट सालीचे पैसे! आमच्या सुतारकाकांनी तिथल्या तिथे सुनावलं, “शेठ, साल सोलून दोरी धरा. सालीची चौकट बनवूची नाय आमका.” दोरी मध्यावरच धरली जाते ना, हेही बघा, बुंध्याशी धरली की घेर आपोआप वाढतो.

त्यात 10 घनफूट ओंडक्यातून कापीव माल 10 घनफूट निघत नाही. चारी बाजूंच्या फाकी जातात, करवतीचा भुसा जातो, पोकळ गाभा निघाला तर तोही जातो. सरळ, निरोगी ओंडक्यातून सहा-सात घनफूट हाती आला तर चांगलं म्हणायचं. समजा ओंडक्याचा भाव हजार रुपये असेल, तर कापीव लाकूड दीड हजाराच्या आसपास पडतं, वर कापण्याची मजुरी वेगळी. तयार फळ्या घेतल्या तर हा हिशेब टळतो, पण तिथेही 5 बाय 3 म्हणून दिलेली चौकट टेप लावली की पावणेपाच बाय पावणेतीन भरते. सात-आठशांचा एक-एक नग असतो, त्यात तेरा टक्के हवा विकत घेण्यात काय मजा?

खरं दुखणं ओलेपणाचं. “मागच्या वर्षीचा माल आहे” म्हणून दिलेल्या फणसाच्या फळ्यांची दारं पावसाळ्यात घट्ट बसली आणि वैशाखात दोन फळ्यांच्या मधून उजेड दिसू लागला. ऐनाच्या चौकटीला टोकाकडून चीर गेली ती वेगळीच. तेव्हा एकाच मापाच्या दोन फळ्या हातात तोलून बघा; जड ती ओली. जमलं तर एखाद्या फळीचं टोक वीतभर कापायला लावा आणि आतला भाग गालाला लावा. गार लागला तर माल अजून सुकायचा आहे. जाडीच्या इंचाला साधारण एक वर्ष, असा सुतारांचा ढोबळ हिशेब आहे, आणि कोकणच्या दमट हवेत तो कमीच पडतो. म्हणून घाई नसेल तर ओलाच माल घ्या, पण छपराखाली, बाजू मोकळ्या ठेवून, फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा. टोकांना ऑइल पेंट फासा, पाणी टोकांतूनच भराभर निघतं. आणि हे लाकूड पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत जाणार असेल, तर तिथल्या हवेत काही आठवडे ठेवल्याशिवाय रंधा लावू नका.

बांधावरचं स्वतःचं झाड कापून आणणाऱ्यांना दोन गोष्टी. कुंपणाची तार किंवा खिळा लाकडाने गिळलेला असतो. पातं तुटलं तर भरपाई कोणाची, हे आधीच ठरवा. दुसरं, झाड आपलं म्हणून मन मानेल तसं पाडता येत नाही. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा सगळे आहेत. तोडायची परवानगी घ्या, वाहतुकीचा पास लागतो का ते वनविभागात विचारा, आणि मिलवाल्याकडून पक्कं बिल मागा. बिल देताना जो कुरकुरतो, त्याच्याकडचा माल कितीही स्वस्त असो, गाडीत भरू नका.