पायी पाहिलेली दिल्ली आणि प्रवासवर्णनातील सर्वनाम

मराठी प्रवासवर्णनांचा अभ्यास करताना स्थलवर्णन, माहितीचे प्रमाण, विनोद आणि लेखकाचे व्यक्तिमत्त्व या घटकांचा विचार सामान्यतः होतो. निवेदक स्वतःचा निर्देश कोणत्या सर्वनामाने करतो, हा प्रश्न मात्र व्याकरणाचा मानून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः या वाङ्मयप्रकारात तो आशयाचाच प्रश्न आहे. एखादा प्रवासी ऐतिहासिक राजधानीतील वास्तू एकट्याने, पायी हिंडून पाहतो तेव्हा तो अधिक तीव्र होतो. आणि प्रवासी मराठी भाषक व राजधानी दिल्ली असेल, तर त्याला बगल देणे कठीण जाते.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, तर ‘आपण’ त्याला सामावून घेते. समूहाने केलेल्या सहलीच्या वर्णनाला ‘आम्ही’ फार सोयीचे पडते. पाहण्याची आणि मत देण्याची जबाबदारी त्यात वाटली जाते. शिवाय थकवा, जेवणखाण, वाटाड्याची बडबड यांनी वर्णन भरून निघते. एकट्याने चालणाऱ्यापाशी ही सोय नसते. त्याला ‘मी’ म्हणावे लागते. अर्थात शीर्षकातील एकवचन आणि प्रत्यक्षातील एकटेपणा या भिन्न गोष्टी आहेत. विष्णुभट गोडसे यांचा १९०७ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ ‘माझा प्रवास’ या नावाने ओळखला जातो. पण भटजींसमवेत त्यांचे काका होते. ‘अपूर्वाई’तील प्रवास सपत्नीक आहे. म्हणून एकट्या पायी प्रवाशाची अवस्था तपासण्यासाठी ग्रंथांपेक्षा प्रथम वाटच तपासणे इष्ट ठरते.

दिल्लीचा लाल किल्ला हा शाहजहानाबाद या नगरीचा राजवाडा. बांधकामास १६३९ मध्ये आरंभ झाला आणि १६४८ मध्ये बादशहाने तेथे प्रवेश केला. लाहोरी दरवाज्यातून आत शिरलेला प्रवासी छत्ता बाजाराच्या कमानीखालून नौबतखान्यापाशी येतो. राजघराण्यातील शाहजाद्यांखेरीज सर्वांनी येथे वाहनावरून उतरावे, असा दरबारी शिरस्ता होता. म्हणजे या वास्तूची रचनाच पुढील अंतर पायांनी मोजावे अशी आहे. नौबतखाना, दिवाण-इ-आम आणि त्यामागे दिवाण-इ-खास, असा हा क्रम असून प्रत्येक टप्प्यावर प्रवेशाचा अधिकार आकसत जातो. आज ही आकसण्याची जाणीव होत नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी किल्ल्यातील बहुतांश इमारती पाडल्या, चौकांभोवतीच्या ओवऱ्या नाहीशा झाल्या आणि लष्करी बराकी उठल्या. वेचक दालने तेवढी हिरवळीवर सुटी सुटी उभी राहिली. छायाचित्रात ती देखणी दिसतात. चालणाऱ्याला मात्र दोन दालनांमधील मोकळी जागा जाणवते, आणि येथे भिंत असायला हवी होती हे तिच्यामुळेच कळते. वाहनातून उतरून थेट दालनापाशी नेल्या जाणाऱ्या समूहाच्या वर्णनात ही रिकामी जागा क्वचितच येते. तिथे दालनांची यादी येते.

दिवाण-इ-खासमध्ये मयूरासन होते. ते १७३९ मध्ये नादिरशहाने नेले. हे वाक्य मराठी प्रवासी निर्धास्तपणे लिहितो. कर्ता परका, क्रियापद सकर्मक, निषेध अध्याहृत. त्याच दालनाचे छत एके काळी चांदीचे होते. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली ताब्यात आल्यावर सदाशिवरावभाऊंनी ते उतरवून त्याची नाणी पाडली. फौजेच्या खर्चाची निकड त्यामागे होती आणि पाणिपत अवघ्या पाच महिन्यांवर होते. सूरजमल जाटास हे कृत्य रुचले नाही, अशीही परंपरा आहे. आता या छताखाली उभ्या असलेल्या एकट्याने वाक्य कसे रचावे? ‘मराठ्यांनी छत उतरवले’ असे लिहिले तर तो इतिहासाचा त्रयस्थ वाचक होतो. मग पाणिपताविषयी त्याच लेखणीतून येणारे ‘आपला पराभव’ हे शब्द विसंगत ठरतात. ‘छत उतरवण्यात आले’ हा कर्मणी प्रयोग तर सरळसरळ पळवाट होय, आणि शालेय पाठ्यपुस्तकांना ती चांगलीच परिचित आहे. ‘आपण छत उतरवले’ असे लिहिणारा प्रवासी दुर्मीळ. पराभवात ‘आपण’ आणि लुटीत ‘ते’ ही सर्वनामांची वाटणी प्रवासवर्णनापुरती मर्यादित नाही. पण समूहात ती खपून जाते. एकट्याला छताकडे मान वर करून उभे राहावे लागते, आणि आपले वाक्य अडखळले हे त्याचे त्यालाच कळते.

या शहरात दीर्घकाळ वावरलेल्या मराठी माणसांनी हा पेच वेगळ्या रीतीने हाताळला होता. पेशव्यांचे वकील हिंगणे यांची दिल्लीहून गेलेली पत्रे उपलब्ध आहेत. पत्रलेखनाच्या तत्कालीन संकेतानुसार लिहिणारा ‘सेवक’ आणि वाचणारा ‘स्वामी’, दोघेही तृतीयपुरुषी. ‘मी’ला तिथे फारसा वाव नाही, आणि शहर पाहण्याजोगे म्हणून नव्हे तर राजकारणाचे ठिकाण म्हणूनच येते. वास्तूला ‘ऐतिहासिक’ म्हणणारा डोळा त्यानंतरचा. सर सय्यद अहमद खान यांनी दिल्लीच्या वास्तूंची पद्धतशीर नोंद करणारा ‘आसार-उस-सनादीद’ हा उर्दू ग्रंथ १८४७ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा किल्ल्यात बादशहा अजून राहत होता.

किल्ल्याबाहेर चांदणी चौकात सर्वनामाचा ताण सैल होतो. २०२१ पासून तेथे दिवसा मोटारींना मज्जाव असल्याने फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता चालण्याजोगा झाला आहे. शीशगंज गुरुद्वारा १६७५ मधील गुरू तेगबहादुरांच्या बलिदानाचा, तर जवळची सुनहरी मशीद नादिरशहाच्या कत्तलीचा साक्षीदार. येथे मराठी प्रवासी सहानुभूती असलेला पाहुणा असतो, आणि ती भूमिका सुखाची आहे.

ती पुन्हा मोडते शहराच्या पूर्वेस, यमुनेपलीकडे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्लीवरील मराठी वर्चस्व संपले. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडातील गोल्फच्या मैदानात उभा आहे. तो विजेत्यांनी उभारलेला असल्याने पराभूत मराठे त्यावर अर्थातच तृतीयपुरुषी आहेत. पण त्या फौजेचा सेनापती लुई बुर्कँ हा फ्रेंच होता आणि कवायती पलटणींतील शिपाई बहुसंख्येने उत्तर हिंदुस्थानातील होते. शनिवारवाड्यापासून इथवर मनात बाळगलेले ‘आपण’ या दगडापुढे नेमके कोणाकोणाला सामावून घेते, याचे उत्तर स्तंभावरील मजकुरात नाही. ते लिहिणाऱ्याला स्वतःच्या वाक्यातच द्यावे लागते.