ताटली रिकामी, दाढ फुटलेली

कुत्र्याचं लंगडणं, खरूज, अंगावरचे गोचीड हे घरातल्या लहान मुलालाही दिसतं. तोंडातलं दुखणं मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या चिंगीची वरची मोठी दाढ मटणाच्या नळीवर फुटली. तिच्या उपचारांच्या निमित्ताने जनावरांच्या डॉक्टरांशी खूप बोलणं झालं आणि पुढे गल्लीतल्या कुत्र्यांच्या तोंडांकडेही मी बघू लागले. त्यातून जे कळलं ते सांगते.

१. जेवतंय म्हणजे दुखत नाही, असं धरू नका.

बहुतेक कुत्र्यांचे हाल याच समजुतीपायी होतात. आपली दाढ ठणकली की आपल्याला घास चावता येत नाही, म्हणून कुत्र्याचंही तसंच असेल असं वाटतं. पण त्याचा जबडा आपल्यासारखा आडवा फिरत नाही, बहुतांशी वरखालीच हलतो. अन्न तोडायचं आणि गिळायचं, एवढंच त्याचं चावणं. एका बाजूची दाढ फुटली तर ते दुसऱ्या बाजूने तोडतं, नाहीतर अख्खा तुकडा घशाखाली घालतं. भूक दुखण्याला मागे सारते. दाढेतली नस उघडी पडलेली असतानाही चिंगी दूधपोळीची ताटली चाटूनपुसून लख्ख करायची.

२. किती खाल्लं यापेक्षा कसं खाल्लं ते बघा.

चिंगी मान एका बाजूला कलती करून खाऊ लागली. तोंडातून दाणे खाली पडू लागले. कडक भाकरीचा तुकडा मोठ्या हौसेने उचलायची, कोपऱ्यात न्यायची आणि तिथेच टाकून यायची. दोरीची ओढाओढी हा तिचा जीव की प्राण, पण दोरी समोर धरली तरी ती तोंड फिरवायची. गालावरून हात नेला की डोकं मागे घ्यायची.

आणखी एक खूण डॉक्टरांनी दाखवली, ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. दोन्ही बाजूंचे ओठ वर करून दात ताडून बघा. ज्या बाजूने कुत्रं चावत नाही, त्या बाजूच्या दातांवर घासण होत नाही आणि तिथे कीटण दाट साचतं. एकाच बाजूला पिवळं-तपकिरी पुट चढलं असेल, तर ती बाजू कुत्र्याने वापरणं सोडलंय का हे तपासून घ्यायला हवं.

३. दुखणं शांत झालं म्हणजे दात बरा झाला असं नाही.

दाताच्या आत रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ गर असतो. दात फुटून तो उघडा पडला की सुरुवातीची कळ तीव्र असते. कुत्रं लाळ गाळतं, पंजाने तोंड खाजवतं. पुढे जंतू आत शिरतात आणि गर मरतो. नस मेली की ती तीव्र कळ ओसरते. याच टप्प्यावर ‘आता बरं झालं’ असं म्हणून घरचे निर्धास्त होतात. संसर्ग मात्र मुळाच्या टोकाशी जाऊन हाड पोखरू लागतो. मग सुरू होतं ते मुकं, सततचं दुखणं. त्यात कुत्रं फक्त मलूल दिसतं, जास्त झोपतं, आणि आपण म्हणतो वय झालं.

४. डोळ्याखाली सूज आली तर तोंडही तपासा.

वरच्या मोठ्या दाढेला तीन मुळं असतात आणि ती डोळ्याच्या खालपर्यंत पोचलेली असतात. मुळाशी पू झाला की सूज तिथे येते. लोक त्याला गांधीलमाशी चावली समजतात. अँटिबायोटिकने सूज उतरते, पण मेलेला दात जागेवरच असल्यामुळे ती पुन्हा येते.

५. झिजलेला दात आणि फुटलेला दात यांत फरक आहे.

दगड किंवा टेनिसचा चेंडू चघळणाऱ्या कुत्र्यांचे दात हळूहळू झिजतात. झीज सावकाश असेल तर दात आतून नवा थर धरतो आणि मधोमध गुळगुळीत तपकिरी ठिपका दिसतो. अचानक फुटलेल्या दाताला तेवढी उसंत मिळत नाही, तिथे लाल टिंब किंवा काळं भोक दिसतं. न फुटताच गुलाबी-जांभळा झालेला दातही डॉक्टरांना दाखवा. तो मार लागून आत रक्त उतरल्याचं लक्षण असतं आणि असा दात बहुधा मेलेला निघतो.

६. घरातली गोळी देऊ नका.

हे कळकळीने सांगते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलची मात्रा चुकली तर यकृतावर बेततं. वेदनाशामक डॉक्टरांनी वजन बघून दिलेलंच द्यायचं. माणसांची टूथपेस्टही नको. काहींमध्ये झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विषारी आहे.

७. उपचाराला घाबरू नका.

गर उघडा पडला असेल तर बहुतेकदा वाट दोनच: रूट कॅनाल किंवा दात काढणं. रूट कॅनाल निवडक ठिकाणीच होतं, त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला दुसरी वाट येते. दोन्हीला पूर्ण भूल लागते, मुळं बघायला एक्स-रे लागतो. भुलीची भीती मी समजू शकते. आधी रक्त तपासून ती बरीच कमी करता येते. पिल्लाचा फुटलेला दुधाचा दातही ‘पडणारच आहे’ म्हणून सोडू नये, कारण त्याच्या खाली पक्क्या दाताचा अंकुर असतो. आणि ४२ दातांतला एक गेला तर कुत्र्याचं काही अडत नाही. जखम भरल्यावर चिंगी स्वतःहून दोरी घेऊन आली. ती इतके दिवस काय सोसत होती हे मला तेव्हा खरं समजलं.

८. नखाने परीक्षा घ्या.

जी वस्तू नखाने दाबल्यावर किंचितही दबत नाही, ती कुत्र्याला चघळायला देऊ नका. नळी, शिंग, खूर, दगड सगळं यात आलं. कुत्र्याच्या दातावरचं कवच एक मिलिमीटरहून पातळ असतं.

९. ‘चावका’ ठरवण्याआधी जबडा आठवा.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचे दात गाडीच्या धडकेने, भिरकावलेल्या दगडाने फुटतात. त्यांना ताटली नाही, डॉक्टर नाही. आमच्या गल्लीतला एक लाल कुत्रा डोक्याला हात लावू पाहणाऱ्यावर गुरगुरायचा. लोक त्याला हाकलून द्या म्हणत होते. प्राणिमित्रांनी त्याला जाळीत धरून नेलं, तर खालचा सुळा मुळापर्यंत चिरलेला निघाला. अशा कुत्र्याला खायला घालत असाल तर पोळी पाण्यात भिजवून द्या, वाटी इतरांपासून लांब ठेवा, आणि मुलांना त्याच्या तोंडाजवळ हात नेऊ देऊ नका. बाकीची कुत्री आपलं संपवून त्याच्या वाटीकडे वळतात, म्हणून त्याचं खाणं होईपर्यंत तिथे उभं राहावं लागतं.