सुपें, सुप्यास आणि सशास



गांवाचें नांव 'सुपें'. मग आपण 'सुप्यास जातों' असें कां म्हणतों? 'इंदापूर' यांतील पू दीर्घ, तोच 'इंदापुरास' लिहितांना ऱ्हस्व कां? पुष्कळ मुलांस वाटतें कीं, हे नियम म्हणजे गुरुजींची लहर होय; म्हणून तीं ते घोकतात आणि परीक्षेंत चुकतात. वस्तुतः हे आपल्या जिभेचेच नियम आहेत.

विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वीं नामाचें जें रूप होतें, त्यास सामान्यरूप म्हणतात. 'फूल' याचें 'फुलास' होतांना ऊ ऱ्हस्व होतो. 'कापूस' याचें 'कापसास' होतांना तो अजिबात लोपतो.

आतां एक कोडें पाहा. 'ससा–सशास', 'मासा–माशास' येथें स चा श होतो. परंतु 'रस' याचें 'रसास'च होतें. 'रशास' कोणी म्हणत नाहीं. असें कां? 'घोडा–घोड्यास' आणि 'घर–घरास' हीं रूपें शेजारीं ठेवा. घोडा, ससा अशा आकारान्त पुल्लिंगी नामांस सामान्यरूपांत 'या' लागतो. घर, रस यांस केवळ 'आ'. य हा तालव्य वर्ण. त्याच्या संगतीनें दंत्य स तालव्य श होतो आणि य स्वतः लोपतो. कानास श तेवढा ऐकूं येतो. लपलेला य व्याकरण दाखवितें.

ध्वनि आणि व्याकरण यांचें हें नातें पाणिनीनें ओळखलें होतें. अष्टाध्यायीच्या आरंभीं चौदा सूत्रांत वर्णांची जी मांडणी आहे, ती व्याकरणाचे नियम थोडक्यांत सांगतां यावे अशीच आहे. युरोपांत इ. स. १९३० च्या सुमारास त्रुबेत्स्कॉय यानें पदरचनेंतील ध्वनिविकारांस स्वतंत्र शाखा मानावें, असें सुचविलें. १९६८ मध्यें चॉम्स्की व हॅले या अमेरिकन पंडितांनीं मांडलें कीं, मनांत शब्दाचें मूलरूप असतें व क्रमानें लागणाऱ्या नियमांनीं उच्चार सिद्ध होतो. उलट, असे विकार आतां ध्वनीचे राहिले नसून व्याकरणाचेच झाले आहेत, असेंही कांहीं पंडित म्हणतात. आपला ससा या वादांत साक्षीदार आहे!

पालकांसही एक विनंती. ज्यांस अक्षरओळख नाहीं, अशा आजीच्या तोंडींही 'रशास' येत नाहीं. तिच्या बोलण्यास अशुद्ध म्हणून हसूं नये. नियम तिच्या जिव्हेवर आहेत, पुस्तकानें ते लिहून घेतले, इतकेंच.

आतां 'पैसा', 'ऊस' व 'माणूस' यांचीं सामान्यरूपें स्वतः करून पाहा, आणि प्रत्येकाचें कारण सांगा.