शेजारचे दात

दाढ काढून झाली की आपलं सगळं लक्ष त्या खड्ड्याकडे लागतं. जीभ सारखी तिथंच जाते, घास त्या बाजूला न्यायला नको वाटतं. त्यामुळे ब्रिजचं बोलणं निघालं की आपण विचारतो तेही खड्ड्याबद्दलच. कसा दिसेल, चावता येईल का, पैसे किती? ज्यांच्यावर तो ब्रिज उभा राहणार त्या शेजारच्या दोन दातांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. माझ्या तोंडात जे वाटोळं झालं ते त्या शेजाऱ्यांचं झालं, म्हणून हे लिहितोय.

गेली होती ती खालची, उजवीकडची पहिली मोठी दाढ. ही दाढ मुलाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. तेव्हा दुधाचे दात अजून तोंडात असतात, म्हणून बऱ्याच घरांत तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडून देतात. डॉक्टर लोक तिला ४६ नंबर म्हणतात. तिच्या पुढची छोटी दाढ ४५ आणि मागची मोठी ४७, दोन्ही माझ्या बाबतीत ठणठणीत होत्या. साधं सिमेंटही कधी भरलेलं नव्हतं. डॉक्टर आनंदानं म्हणाले, “काका, दोन्हीकडचे दात मजबूत आहेत, ब्रिज मस्त बसेल!” बोलणं खरंच होतं. पण मजबूत होते म्हणूनच त्यांना हात लावण्याआधी दहादा विचार व्हायला हवा होता, ही बाजू त्या खुर्चीवर निघालीच नाही.

ब्रिज करायचा म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांना चारी बाजूंनी आणि वरून घासून बारीक करायचं. चावायच्या बाजूनं दीड-दोन मिलिमीटर जातात. दाताचं वरचं कठीण आवरण, इनॅमल, एकदा गेलं की परत येत नाही. मग त्या दोन खुंटांवर कॅप चढतात आणि मधला खोटा दात त्यांना जोडलेला असतो. सगळा मिळून एकच तुकडा, सिमेंटनं चिकटवलेला. आपली तुळई शेजाऱ्यांच्या भिंतींवर टेकवायची, त्यातलाच हा प्रकार. चावण्याचा जो जोर पूर्वी तीन दातांच्या मुळांवर पडायचा, तो आता दोघांनी पेलायचा. १९२६ साली कॅनडातल्या अँटे नावाच्या दंतवैद्यानं यावर एक आडाखा सांगितला होता. गेलेल्या दातांच्या मुळांचं हाडातलं क्षेत्रफळ जेवढं, निदान तेवढं तरी आधार देणाऱ्या दातांच्या मुळांचं असावं. आज कोणी तो शब्दशः पाळत नाही, पण हिरड्या ढिल्या असताना दोन दातांवर चार-पाच दातांचा ब्रिज सुचवला गेला, तर हा हिशेब जरूर विचारावा.

माझ्या प्रकरणातला खरा घोळ पुढचा. “घासल्यावर ठणकायला नको, आधीच रूट कॅनॉल करून टाकू,” असं म्हणून दोन्ही निरोगी दातांच्या नसा काढल्या गेल्या. दात फार कललेला असेल, खूप घासावा लागणार असेल किंवा कीड नसेपर्यंत पोचली असेल, तर याला अर्थ आहे. सरसकट करायची ही गोष्ट नाही. नस गेलेल्या दाताला थंड-गरम कळत नाही, कीड लागली तरी कळ येत नाही. घरातली धोक्याची घंटाच काढून ठेवल्यासारखं झालं, पण ते उमगलं फार उशिरा.

पहिली काही वर्षं उत्तम गेली, हेही प्रामाणिकपणे सांगतो. ज्वारीची भाकरी, चिक्की, भाजलेले दाणे, सगळं चाललं. मग बायको म्हणायला लागली, “अहो, तोंडाला वास येतोय तुमच्या.” मी लवंग चघळली, गुळण्या केल्या, पोट साफ नसेल म्हणून रात्री त्रिफळा घेतला. ब्रिज तर पक्का बसलेला होता, जराही हलत नव्हता. इथंच फसगत होते. ४७ वरचं सिमेंट विरघळून गेलं होतं, पण ४५ ची पकड शाबूत होती, म्हणून सगळा तुकडा जागेवरच राहिला. सुटलेल्या कॅपखाली लाळ आणि अन्न झिरपत राहिलं आणि आतला दात कुजत गेला. दुखायला नस नव्हती. एक्स-रेमध्येही धातूखालचं फारसं दिसत नाही. कॅपच्या कडेला, हिरडीजवळ काळी सावली आली तरच कळतं.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी ब्रिज कापून काढला आणि म्हणाल्या, “काका, हा आख्खा पडला असता तर बरं झालं असतं.” आख्खा पडला असता तर मी लगेच गेलो असतो आणि दात वाचला असता. आता ४७ हिरडीच्या रेषेपर्यंत मऊ पडली होती. ती काढावी लागली. म्हणजे एका दाताच्या जागी दोन गेले. शिवाय तिच्या मागे दुसरा दात नाही, त्यामुळे नव्या ब्रिजला त्या टोकाचा आधारच उरला नाही. राहिले पर्याय दोन, काढघालीची कवळी किंवा इम्प्लांट. मला मधुमेह आहे. आधी साखर ताब्यात आणा, मग बोलू, असं सांगितलं गेलं आणि ते योग्यच होतं, कारण साखर चढलेली असेल तर जखम नीट भरत नाही आणि हिरड्यांचा आजारही बळावतो. शेवटी ४६ च्या जागी एक इम्प्लांट बसवला, ४५ ला सुटी कॅप घातली आणि ४७ ची जागा मोकळीच ठेवली. मागची एखादी दाढ नसली तरी माणूस व्यवस्थित जेवतो. प्रत्येक खड्डा बुजवलाच पाहिजे असं नाही, हेही मला त्याच बाईंनी पहिल्यांदा सांगितलं.

एवढ्यावरून ब्रिज वाईट असं कोणी समजू नये. शेजारच्या दातांवर आधीच कॅप असतील किंवा ते मोठमोठं सिमेंट भरून कसेबसे उभे असतील, तर घासण्यात गमावण्यासारखं थोडंच असतं. तिथं ब्रिज शहाणपणाचा. हाड फार झिजलंय, शस्त्रक्रिया झेपणार नाही, तिथंही. पुढचा एखादाच दात गेला असेल तर मेरीलँड ब्रिजबद्दल विचारा. त्यात शेजारचा दात जवळजवळ न घासता मागून पंख चिकटवतात. दाढांच्या जोराला मात्र तो सहसा टिकत नाही. आणि काहीच न करणं हाही फुकटचा पर्याय नाही. जागा वर्षानुवर्षं रिकामी राहिली तर शेजारचे दात तिकडे कलतात, समोरचा दात खाली उतरतो.

घाईनं ब्रिज करू नका. दात काढल्यावर हिरडी आणि हाड बसायला दोन-तीन महिने लागतात. त्याआधी पक्का ब्रिज केला तर पुढे खोट्या दाताखाली फट पडते आणि प्रत्येक जेवणाची शीतं तिथं अडकतात. तोवर तात्पुरता दात मिळतो.

वॉरंटीच्या कार्डावर भाळू नका. झिरकोनियाच्या कॅपला लॅबकडून बरीच वर्षं लिहून मिळतात, पण ती कॅप तडकण्या-फुटण्याची हमी असते. आतल्या दाताची हमी कोणीच देत नाही. तीन दातांच्या ब्रिजचं बिल तीन कॅपचं लागतं, हेही आधी धरून चाला, म्हणजे इम्प्लांटशी तुलना करताना आकडे खरे दिसतील. खर्च झेपत नसेल तर मुंबईत नायर दंत महाविद्यालय आहे, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. वेळ फार जातो, खेपा पडतात, पण काम प्राध्यापकांच्या नजरेखाली होतं.

सफाईचं कोणी धड शिकवत नाही. ब्रिजचे दात एकमेकांना जोडलेले असल्यामुळे साधा फ्लॉस वरून आत जात नाही. कडक टोकाचा सुपरफ्लॉस मिळतो, तो खोट्या दाताच्या खालून ओवावा लागतो, किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश वापरावा लागतो. तेही रोज रात्री. ब्रिज बसवला त्याच दिवशी डॉक्टरांसमोर आरशात करून दाखवा, जमतंय की नाही ते कळेल.

आणि ज्यांच्या तोंडात आधीच ब्रिज आहे त्यांनी एवढं पाहावं. बोटानं दोन्ही कॅप आळीपाळीनं दाबा. कडेनं लाळेचा बुडबुडा निघाला, चव खारट-कडवट लागली, फ्लॉसला वास आला किंवा तो तिथं रोज तुटायला लागला, तर दुसऱ्याच दिवशी दाखवून या. काहीच झालं नसलं तरी गेल्या दोन वर्षांत त्या दातांचा एक्स-रे निघाला नसेल तर या महिन्यात काढून घ्या. दुखण्याची वाट बघू नका. रूट कॅनॉल झालेला दात आतून कुजतो तेव्हा बहुतेक वेळा दुखत नाही.