भाषा शिकण्याची वर्षे आणि उपकारस्तुती
(अभ्यासपाठ)

वाचनभाग : १ शमुवेल ४:१–११ आणि ७:३–१२, स्तोत्रसंहिता १०३:१–५, १ थेस्सलनीकाकरांस ५:१६–१८



मंडळ्यांतून आम्हांला वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न असतो : "नवीन सेवक पाड्यावर जाऊन सहा महिने झाले, काम काय झाले?" प्रश्न विचारण्याचा तुमचा हक्क आहे, कारण तुमच्या दानावरच तो सेवक तिथे राहतो. पण पुष्कळदा खरे उत्तर एवढेच असते की, तो भाषा शिकतो आहे. अहवालात हे वाक्य फार रोडके दिसते. या पाठात आपण अशाच एका तरुणाची पहिली वर्षे पाहणार आहोत. तो पुढे फार मोठा झाला, म्हणून त्याची ती वर्षे बहुतेक चरित्रांत दोन पानांत संपतात.

हडसन टेलर यांचा जन्म १८३२ साली इंग्लंडमधील बार्न्सली या गावी, एका औषधविक्रेत्याच्या घरी झाला. चीनला जायचे मनाने घेतले तेव्हा जवळ ना शिक्षक होता ना शब्दकोश. मँडरिन भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची एक प्रत मात्र हाती लागली. मग ते आणि त्यांचा एक चुलतभाऊ यांनी युक्ती काढली. इंग्रजीतले एखादे लहानसे वचन घ्यायचे. त्यातला एखादा शब्द आणखी ज्या ज्या वचनांत येतो ती शोधायची. मग चिनी प्रतीत तीच वचने काढून, सगळ्यांत मिळून कोणते एक चिन्ह सारखे येते ते पाहायचे. तेच त्या शब्दाचे चिन्ह असणार! वहीत कच्चे लिहायचे आणि पुन्हा पुन्हा ताडून खात्री पटली की पक्के करायचे. अशा रीतीने त्यांनी चारशेहून अधिक चिन्हांचे अर्थ लावले. आपल्याकडे कोरकू किंवा कातकरी बोली शिकणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण पुस्तक नाही, शिक्षक नाही, ही तक्रार त्यांचीही असते आणि ती खरीही असते.

१९ सप्टेंबर १८५३ रोजी टेलर लिव्हरपूलहून 'डम्फ्रीज' जहाजाने निघाले आणि १ मार्च १८५४ रोजी शांघायला उतरले. वय एकवीस. खिशात ओळखीची तीन पत्रे होती. पहिले ज्याच्या नावाचे तो गृहस्थ थोड्याच दिवसांपूर्वी वारला होता. दुसरा अमेरिकेला परत गेला होता. तिसरे पत्र डॉ. मेडहर्स्ट या ज्येष्ठ मिशनऱ्यांना होते. तेही लढाईमुळे आपले राहते घर सोडून गेले होते. शांघायचे जुने शहर तेव्हा बंडखोरांच्या ताब्यात होते, बाहेर बादशाही सैन्याचा वेढा पडला होता, आणि कोळशापासून घरभाड्यापर्यंत सगळे महागले होते. लंडन मिशनच्या डॉ. लॉकहार्ट यांनी त्यांना आपल्याकडे आसरा दिला. ज्या संस्थेने पाठवले होते तिच्याकडून पैसे आणि सूचना दोन्ही वेळेवर येत नसत.

मेडहर्स्ट यांनी सल्ला दिला, आधी मँडरिन शिका, कारण ती देशात सर्वांत दूरवर चालते. सल्ला योग्यच होता. पण शांघायच्या रस्त्यावरचा माणूस घरी बोलतो ती बोली निराळी. म्हणजे दिवसभर पुस्तकाशी झगडून बाहेर पडावे तर समोरचा हमाल काय म्हणतो ते कळू नये. मराठी येते म्हणून मेळघाटात गेलेल्या आपल्या सेवकाची गत वेगळी नसते. कोरकू तर मराठीच्या कुळातलीही नाही. ती मुंडा भाषांपैकी आहे. सरकारी कागद मराठीत असतो, पण ताप आलेल्या लेकराची आई त्याचे दुखणे कोरकूत सांगते.

मँडरिनमध्ये आणखी एक कठीण गोष्ट म्हणजे सूर. अक्षर एकच, पण आवाज वर गेला की एक अर्थ आणि खाली पडला की दुसरा. 'माइ' हा शब्द आवाज खाली नेऊन किंचित वर उचलला तर 'विकत घेणे', आणि वरून खाली आपटला तर 'विकणे'. शिकलेसवरलेले प्रौढ माणूस अशा भाषेत पुन्हा बालवाडीत बसते. त्याला दुकानदार हसतात, पोरे नक्कल करतात. टेलर यांनी आई आणि बहीण अमेलिया यांना लिहिलेल्या पत्रांत थंडी आहे, एकटेपण आहे, पैशाची चिंता आहे. त्यांनी ते लपवले नाही. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. आपण सेवकांकडून आनंदाचीच पत्रे मागू लागलो तर तशीच पत्रे येतील, आणि मग एक दिवस सेवक घरी निघून येईल व आपल्याला कारण कळणार नाही.

मग उपकारस्तुती कुठे बसते? पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला सांगतो की, प्रत्येक स्थितीत असताना उपकार माना. प्रत्येक स्थितीबद्दल माना असे तो म्हणत नाही. गोळीबार चालू असताना टेलरना गोळीबाराबद्दल देवाचे आभार मानायचे नव्हते. पण डॉ. लॉकहार्ट यांच्या घरातल्या खोलीबद्दल मानता येत होते. उपकारस्तुती करणाऱ्याला बारकाईने पाहावे लागते : आज नेमके काय मिळाले, कोणाच्या हातून मिळाले. स्तोत्र १०३ चा कर्ता आपल्या जिवाला विसरू नको म्हणून बजावतो आणि लगेच एकेक उपकार मोजायला लागतो. मोघम आभार त्याला पुरत नाहीत.

शमुवेलाच्या पुस्तकात एबन-एजर हे नाव पहिल्यांदा येते ते चौथ्या अध्यायात. तिथे इस्राएलाने तळ दिला, तिथे त्यांचा मोड झाला आणि कराराचा कोश पलिष्ट्यांच्या हाती गेला. सातव्या अध्यायात शमुवेल मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये धोंडा उभा करतो आणि त्याला तेच नाव देतो. पराभवाची आठवण असलेले नाव तो टाकून देत नाही. आणि तो एवढेच म्हणतो की, परमेश्वराने इथपर्यंत साहाय्य केले. 'इथपर्यंत' या शब्दात उद्याबद्दल फुशारकी नाही.

निंगबो शहरातल्या दिवसांपासून टेलर यांच्या घरी भिंतीवर चिनी अक्षरांच्या दोन पट्ट्या असत. एकीवर 'एबन-एजर', दुसरीवर 'यहोवा यिरे', म्हणजे अब्राहामाने मोरिया डोंगरावर दिलेले नाव. तोवर शांघायमधले त्यांचे पहिले भाड्याचे घर लढाईच्या धामधुमीत सोडावे लागले होते, चिनी पोशाख व शेंडी स्वीकारल्यामुळे परदेशी लोकांत हसे झाले होते, आणि १८५७ साली त्यांनी आपल्या संस्थेचाही राजीनामा दिला होता. चायना इनलंड मिशनची स्थापना १८६५ ची, म्हणजे पुढची. आजच्या चिनी बायबलमध्ये एबन-एजर हे नाव 'यी-ब्येन-यी-श्ये' असे लिहितात. नावाचा नुसता उच्चार उतरवला आहे, पण त्यातल्या शेवटच्या चिन्हाचा अर्थ 'आभार' असा होतो. 'श्येश्ये' म्हणजे धन्यवाद, त्यातलेच ते चिन्ह.

मात्र चिनी घरात आपल्याच माणसाला ऊठसूट 'श्येश्ये' म्हटले तर ते परकेपणाचे वाटते. आभार मानल्यावर जे उत्तर देतात, 'बू ख-छी', त्याचा सरळ अर्थ 'पाहुण्यासारखे वागू नका' असा आहे. आपल्या खेड्यांत तरी दुसरे काय? शेजारणीने वाटीभर कालवण दिले तर कोणी "धन्यवाद" म्हणत नाही. वाटी रिकामी परत करत नाही, एवढेच. म्हणून पाड्यावर कपडे वाटले आणि कोणी आभाराचा शब्द काढला नाही, यावरून त्या लोकांना जाण नाही असा निष्कर्ष काढणारे पाहुणे पाहिले की मला वाईट वाटते. त्यांनी संध्याकाळपर्यंत थांबून पाहावे. कोणीतरी ओंजळभर मोहाची फुले, नाहीतर पडवळ घेऊन आलेले असते.

आणि भाषा शिकणाऱ्या सेवकावर उपकार कोणाचे? शिकवणाऱ्यांचे. रॉबर्ट मॉरिसन १८०७ मध्ये कँटनला पोहोचले तेव्हा परदेशी माणसाला चिनी शिकवणे हा तिथे गुन्हा होता. त्यांच्या शिक्षकांनी जीव धोक्यात घालून शिकवले. त्यांच्या हातून पहिला बाप्तिस्मा झाला १८१४ साली, सात वर्षांनी. आपल्या मराठीचेही तसेच आहे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला निघाले त्यामागे वैजनाथ पंडित होते. त्याच श्रीरामपुरात कॅरींचे सोबती जोशुआ मार्शमन जोहान्स लासार या आर्मेनियन गृहस्थाकडून चिनी शिकले, आणि १८२२ मध्ये तिथून संपूर्ण चिनी बायबल बाहेर पडले. या शिक्षकांसाठी आपल्या मंडळ्यांत कधी उपकारस्तुतीची प्रार्थना झाल्याचे मी ऐकलेले नाही. पाड्यावर आपल्या सेवकाचे उच्चार हसत हसत सुधारणाऱ्या आजीलाही त्या प्रार्थनेत जागा असावी.

हा पाठ गटात घेताना १ शमुवेल ४:१ आणि ७:१२ ही वचने लागोपाठ मोठ्याने वाचा आणि दोन मिनिटे कोणी बोलू नका. मग प्रत्येकाने या तिमाहीतला एकच उपकार सांगावा, पण माणसाच्या नावासकट. शेवटी आपण ज्या सेवकाला आधार देतो त्याला सर्वांनी मिळून एक पत्र लिहा. किती घरे झाली, किती सभा झाल्या, हे या वेळी विचारू नका. या महिन्यात नवा शब्द कोणता शिकलास, आणि तो तुला कोणी शिकवला, एवढे विचारा.