कॉम्प्युटरच हवं, हा हट्ट सोडा

इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड जवळ आले की शिरूर-दौंडकडचे फोन सुरू होतात. "सर, कॉम्प्युटर नाही मिळालं तर एआय चालेल ना? कॉलेज कुठलंही असू द्या." नाही चालणार. शिकवायला धड माणसं नसलेल्या कॉलेजात एआयची पाटी बघून फी भरू नका.

गेल्या हंगामात दौंडचे एक वडील मुलीला घेऊन आले. तिला मी विचारलं, "बाळा, कुठला विषय आवडतो?" उत्तर वडिलांनी दिलं. लॉगिन त्यांच्याकडे, पसंतीक्रमही त्यांचाच. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "केमिस्ट्री. आणि गणित."

अशा मुलांसाठी एक वाट आहे: वाहताना रासायनिक क्रिया घडणाऱ्या वायू-द्रवांचं संगणकावरचं गणित. केडगावकडच्या गुऱ्हाळात चुलाणाकडे नीट बघा. हवा कमी पडली की चिपाड अर्धवट जळतं, काळा धूर निघतो. जास्त झाली की कढईची उष्णता धुराड्यातून जाते. मग हवा किती द्यायची, कुठून? साखर कारखान्याच्या बॉयलरलाही हाच प्रश्न पडतो. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत प्रश्न मिसळण्याचा आणि उष्णता वेळेत बाहेर काढण्याचा.

त्यासाठी भट्टीचे लाखो कप्पे कल्पायचे आणि प्रत्येकात वेग, तापमान, एकेका रसायनाचा हिशेब मांडायचा. मेख वेळेची आहे. प्रवाह मिलिसेकंदांत सरकतो, ज्योतीतले काही घटक मायक्रोसेकंदाच्या आत संपतात. नैसर्गिक वायूच्या ज्वलनासाठी वापरला जाणारा जीआरआय-मेक ३.० हा आराखडा घ्या: ५३ घटक, ३२५ अभिक्रिया! सगळंच सर्वांत वेगवान क्रियेच्या पावलाने चालवलं, तर उत्तर यायला महिने लागतील. म्हणून प्रवाह आणि रसायन आळीपाळीने सोडवतात, रसायनासाठी मोठ्या पावलांनीही न ढासळणाऱ्या इम्प्लिसिट पद्धती वापरतात. हे कोडिंग क्लासमध्ये मिळत नाही. आपल्याकडेही हे काम जुनं आहे: पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) असताना विवेक रानडे यांनी रिअ‍ॅक्टरमधल्या प्रवाहांच्या संगणकीय गणितावर पुस्तक लिहिलं, तेही २००२ साली.

केमिकल किंवा मेकॅनिकल घ्या, मग गेट परीक्षा देऊन एम.टेक. करा. प्रवाहांच्या गणिताचं ओपनफोम हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने त्याचे धडेही फुकट दिलेत. पालकांनो, जागा मोजक्या आहेत, पदवीनंतर लगेच मोठं पॅकेज मिळणार नाही. आणि डिफरन्शियल इक्वेशन नकोशी वाटणाऱ्या मुलाला माझा लेख दाखवून इकडेही ढकलू नका.